खाली बसायचं नाही

९ मार्च २००४, मंगळवार

आई पडली. सकाळी, मोरीत. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाला निघालेलो, एका पायात चप्पल. बायकोची, शकूची हाक ऐकून आत धावलो. आई कुशीवर, हातात पितळी तशीच धरलेली.

फरशी कोरडी. शेवाळ नाही, मोरी परवाच मी स्वतः घासलेली. पाटही जागेवर. मग घसरली कशावरून?

"घसरले न्हाई रं. उठले अन् पाय ग्येला."

डावा पाय उजव्याहून आखूड दिसतो. पाऊल बाहेरच्या अंगाला पडलेलं. हात लावला की किंचाळते. तिला विंचू चावला होता तेव्हाही किंचाळली नव्हती.

शेजारची गयाबाई तेल-हळद घेऊन आली. चोळू दिलं नाही. म्हणाली, "रघ्या, मोटरी भरतो तू, बायामाणसाच्या कमरंतलं तुला काय कळतंय?" म्हटलं, मोडलेलं कळतं. न्हाणीचं पत्र्याचं दार बिजागरीतून काढलं, त्यावर गोधडी, त्यावर आईला घेतलं. जीपने नारायणगाव. फोटो काढला. मांडीचं हाड खुब्यात जिथं बसतं, तिथली मान मोडली आहे. मलाही दिसली. डॉक्टरने बोट ठेवायच्या आधी.

१० मार्च

मंचर. हाडांचा दवाखाना.

आईचं वय काय? आईचं उत्तर, "दीक्षा घ्येतली तवा रघू कडंवर व्हता." नर्स माझ्याकडे बघत राहिली. हिशेब केला, सत्तर सांगितलं. दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून 'अंदाजे' लिहायला लावलं. नर्सला त्याचा राग आला. येऊ दे.

घोडेगावहून कमल आली. धाकटी बहीण, पण बोलते थोरल्यासारखी. "दादा, कापाकापी नको. आमच्याकडं डोंगरात एक जण हाड बसवतो. कामट्या बांधतो, अंड्याचा लेप लावतो."

मी म्हटलं, आपल्या आळीतल्या तान्हाबाईला त्यानंच बसवलं ना? दिवाळीपासून खाटेवर आहे. जाऊन बघून ये.

"अन् टेबलावरच ग्येली तर? मी म्हणंन, तू एकट्यानं ठरवलं."

सही केली. माझी सही अशी कधी येत नाही. शेवटचा फराटा खाली गेला.

१२ मार्च

ऑपरेशन झालं. मोडका गोळा काढून स्टीलचा बसवला. आई शुद्धीवर आहे, पाणी मागते. कमल पाणी पाजते आणि माझ्याकडे बघत नाही.

काढलेला गोळा मी मागून पाहिला. डॉक्टर तरुण आहे. आधी नको म्हणाला, मग बरणी आणली. चिमट्याच्या टोकाने हाड दाबलं तर टोक आत गेलं! हाडात! आत नुसती जाळी.

"काका, हाड विरळ झालंय. बहुतेक आधी मोडलं, मग त्या पडल्या."

म्हणजे मोरीचा दोष नाही. क्षणभर बरं वाटलं. मग विचारलं, दुसऱ्या बाजूचं कसं आहे?

"ते पण त्याच वयाचं आहे ना."

धातू कोणता, कोणत्या प्रतीचा, तेही विचारलं. हसला, पण सांगितलं. हसण्यासारखं काय त्यात? माझ्या आईच्या अंगात राहणार आहे ते.

१५ मार्च

डॉक्टरने आईला विचारलं, आजी दूध किती प्यायच्या? आईला प्रश्नच कळेना. "म्हशीचं? त्ये डेरीला. उरलं तर पोरास्नी. मी कोरा च्या पिते." डॉक्टर मला सांगत होता, बायकांची पाळी गेली की हाडं झिजायला लागतात, त्यात बाळंतपणं, त्यात पोटाला कमी. शकू बाजूला उभी राहून ऐकत होती. तीही कोराच पिते. हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२२ मार्च, सोमवार

आईला घरी आणलं.

डॉक्टरची सक्त ताकीद अशी: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. गुडघा खुब्याच्या वर गेला की नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो. हे मला एकदा सांगून कळलं. मोटरीचा रोटर बेअरिंगमधून सरकतो तसंच.

पण आमच्या घरात जमिनीवर नाही असं आहे काय? चूल खाली. जेवण खाली. मोरी खाली. संडास, तोही. माणसाचा सगळा दिवस दोन फुटांच्या खालीच जातो, हे आजवर दिसलंच नाही.

खाटेच्या पायांखाली विटा दिल्या. शौचासाठी लोखंडी अँगलची खुर्ची मीच वेल्डिंग करून आणली, आईच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊन, वर दोन इंच जास्त. कडा कानशीने घासल्या. चप्पल घालून बसणार की अनवाणी, हेही विचारलं.

"रघू, मला जावायाच्या पंगतीला बसवतो का हागायला?" – आई. शकू तोंडाला पदर लावून आत पळाली.

६ एप्रिल

वॉकर घेऊन आई ओसरीपर्यंत आली. आळीतल्या बायका बघायला जमल्या. ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर आमच्याकडे आधी कुणी पाहिला नाही.

गयाबाई म्हणाली, "गाडी घ्येतली व्हय, सुंदरे? पासिंग झालं का?"

आई म्हणाली, "ड्रायव्हर लई कडक हाय. हालूच देत न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही. पण ती वळताना डावं पाऊल आधी टाकते. उजवं टाकायला हवं. सांगितलं. पुन्हा डावंच. पुन्हा सांगितलं, तर ओसरीतच उभी राहिली, "आता कोंचं टाकू ते तूच टाक." मी बाजूला झालो. ती नीट पोहोचली. मला घाम.

१९ एप्रिल

तान्हाबाईला बघून आलो. खोलीत उभं राहवेना, असा वास. पाठीला, माकडहाडावर जखम. मुलगा चांगला आहे, करतो, पण त्याचं एकच म्हणणं: "काय करायचं भाऊ, हाड जुळतच न्हाई." हाड कशाला जुळेल? दोन टोकं एकमेकांसमोर आलेलीच नाहीत. बोललो नाही. तान्हाबाईने मला ओळखलं. विचारलं, "सुंदरा चालती म्हणं?" हो म्हटलं. तिने डोळे मिटले.

घरी येऊन आईची पाठ तपासली. शकूला तपासायला लावली. काही नाही. उद्या पुन्हा.

४ मे, मंगळवार. बुद्ध पौर्णिमा

मन स्थिर नाही, तरी घडलं तसं क्रमाने लिहितो.

सकाळी विहारात झेंडावंदन. आईला नेलं नाही. गर्दी, चपलांचा ढीग, कुणाचा धक्का लागला तर. ती मात्र पांढरं लुगडं नेसून बसली होती. विहाराचं सगळं दादू गुरुजी पाहतात. निवृत्त शिक्षक. त्यांनीच म्हटलं, भन्तेंना घरी आणतो. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, मोठेपणाही वाटला.

भन्ते आले. खुर्चीवर पांढरी चादर घालून बसवलं. आई खाटेच्या कडेला, पाय सरळ, पाठ सरळ. अगदी सांगितल्यासारखी. मी मनात म्हटलंसुद्धा, वा.

गुरुजींनी त्रिसरण दिलं. पंचशील. मग पंचांग प्रणाम. घरातले सगळे गुडघ्यांवर, हात टेकले, कपाळ टेकलं. मीही. सगळ्यांची डोकी जमिनीला. भन्तेंचे डोळे मिटलेले.

माझ्या उजव्या कानाशी आवाज झाला. लाकडी दाराची खुट्टी निसटते तसा.

डोकं वर केलं. आई माझ्या शेजारी. गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला. खाटेचा खूर धरून कधी उतरली, कुणी पाहिलं नाही. पाहणार कोण? एकूण एक खाली.

तिला उठता आलं नाही. ओरडलीही नाही, भन्ते समोर होते ना. फक्त म्हणाली, "रघू, जरा बघ."

पाऊल या वेळी आत वळलेलं. पहिल्या वेळी बाहेर होतं.

जीपमध्ये मी ओरडलो तिच्यावर. वाकायचं नाही म्हणून घसा कोरडा केला होता मी! ती म्हणाली, "वाकले कुठं? वंदना केली. समदी खाली अन् मी खाटंवर? भन्तेच्या डोक्याबरोबर?"

 मांडी सांगितली, उकिडवं सांगितलं, पाट, झाडू, म्हशीची धार, सगळं सांगितलं. प्रणाम सांगितला नाही. मला तो वाकण्यात धरायचा हे सुचलंच नाही. मी स्वतः तिच्या शेजारी तेच करत होतो.

५ मे

भूल देऊन, निसटलेला गोळा ओढून बसवला. चिरावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाला, "एकदा निसटला की पुन्हा निसटायची भीती असते. पुन्हा झालं तर उघडावं लागेल. आणि या हाडात दुसऱ्यांदा काही बसेल याची खात्री मी देणार नाही, काका."

दोन पायांच्या मध्ये उशी बांधून ठेवायची. तीन आठवडे खाट. त्यानंतर चालवायचं. "चालवायचंच," असं तो दोनदा म्हणाला.

कमल आली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं.

१४ मे, शुक्रवार

तान्हाबाई गेली. छातीत कफ भरला होता. निजून निजून होतो असा, हे मी नारायणगावच्या वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं.

पोहोचवून आलो. आई खाटेवर.  आळीतलं रडणं तिच्या खिडकीतून थेट ऐकू येतं.

निजलं तर असं. उठलं तर ४ मेसारखं.

२७ मे

उशी सोडली. आई वॉकर मागते. म्हटलं, उद्या.

३० मे

वॉकर दुकानात आणून ठेवला. आळेफाट्याला. घरी सांगितलं, रबरी बुचं झिजली आहेत, बदलायची आहेत. एक बूच थोडं झिजलेलं आहेच. अगदीच खोटं नाही.

इथं भरायला आलेल्या मोटरींच्या मागे, भिंतीला लावून ठेवलाय. हंगामाआधीची गर्दी, वीज येते-जाते, मोटरी जळताहेत. दिवसभर तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

३ जून

"बुचं घावली का?"

म्हटलं, त्या मापाची मिळत नाहीत. पुण्याहून मागवलीत.

आई म्हणाली, "बरं." पुन्हा छताकडे.

शकूने जेवताना विचारलं, "आळेफाट्याला एवढी गॅरेजं, रबराचं बूच मिळंना?" ट्रकच्या टायरपासून हवं ते रबर कापून देणारे शेजारीच बसलेत माझ्या.  भाकरी अर्धी ठेवून उठलो. तीही उठली, ताट घेऊन गेली, आतून भांडी जोरात.

आईची पोटरी हातात घेतली. सैल. पिशवीत काही नसल्यासारखी. मार्चमध्ये अशी नव्हती. मला आठवतं, तेव्हा माप घेतलं होतं.

८ जून, मंगळवार

मंचर, तपासणी. फोटो चांगला. गोळा जागेवर.

डॉक्टर खूश. "आजी, चालता ना आता?"

आई म्हणाली, "न्हाई."

"दुखतं?"

"दुखत न्हाई. गाडी ग्यारेजला हाय."

डॉक्टरला कळेना. माझ्याकडे पाहिलं. मी बुचांचं सांगायला लागलो. पुण्याहून वगैरे. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं.

त्याने आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर लाल. दाबलं तरी पांढरं होत नाही. मी रोज तपासायचं सोडलं होतं? नाही. शकू तपासत होती, मी विचारायचं सोडलं होतं.

बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमची भीती मला कळते. पण पडून राहिल्या तर हाड आणखी विरळ होईल. हाडावर भार पडला तरच ते टिकतं." मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो.

जीपमध्ये आई खिडकीकडे तोंड करून. कळंबच्या पुढे म्हणाली, "तान्हीला तिच्या पोरानं बी लई जपलं."

९ जून

वॉकर घरी. चारही बुचं नवीन, मी स्वतः बसवली. अर्ध्या तासाचं काम.

आई उभी राहिली. पाय लटलटले. मी मागे हात धरून, अंगाला न लावता. उंबऱ्यापर्यंत. परत. आता बरोबर पाऊल आधी टाकते. सांगितलं नाही मी.

२० जून, रविवार

पाठीवरचं लाल गेलं. शकूला दोनदा विचारलं, खात्री केली. आई आता अंगणात, रोज, गोठ्यापर्यंत. म्हैस तिला बघून मान हलवते. धार काढायचं नाव काढलं नाही, पण बघत उभी राहते. शकूला सुधारत असते, "अंगठा आत घी." आता दोघींना दूध मीच बाजूला काढून ठेवतो, प्याले भरून समोर. शकू पिते नाक धरून. आई म्हणते, डेरीवाला काय म्हणंल.

आज नवीन विषय.

"आषाढीला ग्रंथ लागंल ना?"

विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. पावसाळाभर. आई कधी चुकली नाही. वाचता येत नाही, पण कुठं राहिलं होतं ते गुरुजींना तीच सांगते. 

"मी जाणार."

म्हटलं, खुर्ची नेऊ घरची. तिच्यावर बसून ऐक.

"मूर्तीम्होरं? खुर्चीवर? पाटलीण झाले का मी?"

म्हटलं, मग नाही जायचं.

"मग उभी कशापायी केली मला?"

 म्हटलं, पाऊस असतो, चिखल असतो.

२२ जून

दादू गुरुजींकडे गेलो. म्हणाले, "रघुनाथराव, खुर्चीला हरकत कोण घेणार? मी सांगतो ना सगळ्यांना." म्हटलं, सगळ्यांचं नाही, तिचंच आहे. हसले. "मग ते काम माझ्या आवाक्याबाहेरचं." जाताना म्हणाले, "मी सुद्धा हल्ली भिंतीला धरून उठतो. कुणाला सांगू नका."

बायका काय म्हणतात ते गयाबाईने न विचारता सांगितलं. "बसू दी की खुर्चीवर. आमी खालून हार घालू." आई हसली नाही. गयाबाईलाही कळलं. मग जवळ सरकून म्हणाली, "सुंदरे, बाहीरच्या कट्ट्यावर बसू. मी बी बसते. माजा गुडघा आता वाकत न्हाई, आत जाऊन निस्तं कण्हत असते मी."

आईने लगेच मान हलवली. म्हणजे यांचं आधीच ठरलेलं असणार.

२७ जून, रविवार

टेप घेऊन विहारात गेलो. कट्टा दाराच्या बाहेर, डाव्या हाताला, शहाबादी फरशीचा. आतलं सगळं ऐकू येतं, मूर्तीही दिसते. उंची मोजली. एका टोकाला सोळा इंच, दुसऱ्या टोकाला साडेपंधरा. गवंड्याने पातळीच पाहिली नाही! आईला कमीत कमी अठरा पाहिजे.

गुरुजी आतून आले. "कट्टा विकत घेताय का?"

वाकळ घडी करून, वर काथ्याची गादी, दाबल्यावर अडीच इंच भरेल अशी. घरी येऊन शिवायला घेतली. दाभण माझ्या हाती नीट बसतं. शकू म्हणाली, "म्हंजी पाठवणार?" म्हटलं, तयारी असावी. एवढंच.

पायऱ्या तीन. कठडा नाही. तिसरी हलते.

पाठवणार नाही, असंच अजून मनात आहे.

३० जून

आईने विचारलं, परवा ना? म्हटलं, पाऊस बघू.

गादी पूर्ण झाली. खाटेवर ठेवून, तिला बसवून पाहिली. दाबल्यावर भरते. "मऊ हाय," म्हणाली. मग, "रघू, तिथं प्रणाम आला की तू काय करशील? पाय धरून बसशील माजं?"

म्हटलं, बसल्या जागी हात जोडायचे. मान लववायची. बस.

"बरं."

हे 'बरं' तिने बुचांच्या वेळी म्हटलं होतं तसंच की वेगळं, हे मला सांगता येत नाही. तिच्या शेजारी गयाबाई असेल, तिचा गुडघा वाकत नाही, म्हणजे तीही खाली जाणार नाही. यात थोडा आधार. पण ४ मेला शेजारी मी होतो.

२ जुलै, शुक्रवार. आषाढी पौर्णिमा

सकाळपासून पाऊस. मला हायसं वाटलं, लिहून ठेवतो. आईला म्हटलं, बघितलंस ना. आज नाही.

दुपारी खोडदहून माणूस आला. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या पलीकडे त्यांची विहीर. मोटर अडकली होती, काढायला दुसरा कुणी तयार नाही. गेलो. बेअरिंग जाम. तिथंच खोलली. येईपर्यंत पाऊस थांबलेला आणि उजेड उतरलेला.

खाट रिकामी. चादर घडी घातलेली. वॉकर नाही.

शकू चुलीपुढे. "गयाबाई आल्या व्हत्या न्यायला. मी अडवलं. आत्या म्हणल्या, रघूला सांग, लई दिस त्याला इचारलं, आज सांगून चालले."

"गादी?"

शकूने दोरीकडे बोट केलं. गादी तिथंच, वाळत. सकाळी खिडकीतून पाणी आलं, भिजली.

म्हणजे साडेपंधरा इंच. किंवा सोळा, योग्य टोकाला बसली असेल तर. गयाबाईला टोकाचं काय माहीत. आणि तिसरी पायरी. ओली.

चप्पल घातली. उंबऱ्याबाहेर गेलो. शकू हात पुसत दारात आली.

"जाऊन काय करणार? समद्यांम्होरं उचलून आणणार?"

"बघतो नुसतं."

"तुमी दिसला की त्या घाबरून वाकडंतिकडं उठतील. बसा जरा. मी च्या टाकते. दुधाचा."

परत आलो. बसलो. हाताला काम पाहिजे म्हणून हे लिहायला घेतलं.

विहाराचा भोंगा सुरू झाला. दोनदा खरखर. कनेक्शन ढिलं आहे, गुरुजींना सांगायला हवं. त्रिसरण. बायकांचे आवाज मागून येतात. त्यात आईचा शोधतो आहे. ती नेहमी सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे असते, म्हणून ओळखू येते. एकदा वाटलं, आहे. मग नाही. गयाबाईचाही असेल.

पंचशील झालं.

गुरुजी म्हणाले, पंचांग प्रणाम.

भोंगा गप्प.

शकूही दारात, हातात कप, उभी. तीही तिकडंच ऐकते आहे. कप खाली ठेव म्हटलं, ठेवत नाही.

अजून गप्प आहे. नेहमी एवढाच वेळ लागतो का? मला माहीत नाही. मी बाहेरून कधी ऐकलेलं नाही.